गुणाजींच्या गाऱ्हाण्यातला आकडा

"बाऽऽ देवा म्हाराजा… बारा वहिवाटीच्या धन्या…"

हा आवाज श्रुतिकाच्या कानात शिरला तेव्हा ती सहा वर्षांची होती. घाटकोपरच्या भटवाडीत तेव्हा चाळ होती. चाळीच्या गॅलरीत तिचे बाबा नारळ हातात धरून, डोळे मिटून उभे होते. ती पाठीला दप्तर अडकवून त्यांच्या पायाशी होती. "आज ह्या चेडू शाळेच्या वाटेक लागता हा. तेच्या डोळ्यांक लांबचा दिसांदे, तेच्या कानांक खरा ऐकांदे. वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक सार रे म्हाराजा!" आणि अख्खी गॅलरी, हातातले डबे, पिशव्या, दात घासायचे ब्रश तसेच धरून एका सुरात ओरडली होती, "होऽय म्हाराजा!"

श्रुतिका दचकली होती ती त्या होकाराला नाही, बाबांच्या आवाजाला. घरात बाबा दिवसाला तीन वाक्यं बोलत. "चाय दी." "जेवूक वाढ." "पंखो बंद कर." त्यातलं तिसरं हिवाळ्यात गळून पडे. याच माणसाच्या गळ्यातून समुद्रासारखं एवढं कुठून आलं? बाबांना दोन गळे आहेत, एक माणसांशी बोलायचा आणि एक देवाशी, असं तिने तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

पुढे चाळ पडली, तिच्या जागी सात मजली सातेरीकृपा सोसायटी उभी राहिली, श्रुतिका एकोणतीस वर्षांची झाली, आणि तिचं ते मत काही बदललं नाही.

गुणाजी घाडी गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. कापडाचं पान पानावर टाकत वारानं मोजायचं, हे काम. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. आता निवृत्त. पण गावचं घाडीपण, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान, काही निवृत्त होत नाही. सोसायटीत कोणी नवी रिक्षा घेतली, कोणाची पोरगी परीक्षेला बसली, कोणाचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं, की नारळ घेऊन माणूस यायचा तो घाडीकाकांकडे. आणि काकांचा एक नियम होता. गाऱ्हाण्यात काही झाकायचं नाही, काही वाढवायचं नाही. लग्न तिसऱ्यांदा मोडलंय तर तिसऱ्यांदाच म्हणायचं. "अर्धा गाऱ्हाणा म्हणजे पत्तो नसलेला पाकीट," असं ते एकदा म्हणाले होते. त्या दिवशीचं ते चौथं वाक्य होतं, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

श्रुतिका आकाश मोजायची.

"म्हणजे नक्की काय करतेस गं?" समोरच्या फ्लॅटमधल्या चंपाकाकू दर महिन्याला विचारत. त्यांचा आवाज असा, की त्यांनी घरात विचारलं तरी उत्तर द्यायला माणूस गच्चीवरून खाली येई.

"काकू, विश्वात जे काही आहे ना, त्यातलं आपल्याला दिसतं ते फार थोडं. त्यातला किती भाग कृष्ण ऊर्जा आहे ते मोजतेय."

"दिसत नाही ते मोजतेस?"

"हो."

"आणि पगार देतात?"

"देतात थोडा."

"झकास," चंपाकाकू म्हणत आणि दार लावून घेत.

आईला, सुलक्षणाला, मात्र तिने नीट समजावलं होतं. दीर्घिका आभाळात एकेकट्या नसतात, त्यांच्या वाड्या असतात. कुठे दहा घरांची वाडी, कुठे हजार घरांची. दुर्बिणीतून खिडक्यांतले दिवे तेवढे दिसतात. दिवे मोजायचे, त्यावरून वाडीचं वजन काढायचं, अशा शेकडो वाड्या मोजायच्या. कृष्ण ऊर्जा सगळ्यांना एकमेकांपासून लांब ढकलते. ती जेवढी जास्त, तेवढ्या मोठ्या वाड्या कमी. म्हणून वाड्या मोजल्या की ढकलणारी किती ते कळतं.

"तुझ्या बाबांच्या गावासारखं," सुलक्षणा म्हणाली. "घरं आहेत, कुलपं आहेत, दिवे दोनच. कोण ढकलतंय ते दिसत नाही, पण माणसं मुंबईला पोचतात."

सुलक्षणाला सगळ्याची ओवी करायची सवय. भाकरी थापता थापता ती गुणगुणली,

"आभाळाच्या माळावरी वाड्या वसल्या दूर दूर,
दिवे मोजिते माझी बाय, जीवा लागे हुरहूर."

"आई, हुरहूर नको, अचूक मोजमाप हवंय," श्रुतिका म्हणाली.

"ते यमकात बसत नाही गं."

आता तीन वर्षांचं काम उरकत आलं होतं. जगातल्या बाकीच्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी मोजून विश्वाचा शंभरातला एकोणसत्तराच्या आसपासचा भाग कृष्ण ऊर्जा आहे असं म्हटलं होतं. श्रुतिकाच्या संगणकावर मात्र ९६.१ दिसत होतं. यात चूक नव्हती. ते मुद्दाम होतं. तिच्या कामात अशी रीत असते, की खऱ्या उत्तरात एक चोरटा आकडा मिसळून ठेवायचा आणि तो कोणालाच सांगायचा नाही. सगळ्या पद्धती तपासून, सगळ्या चुका सुधारून, "आता यापुढे काहीही बदलणार नाही" अशी सही झाली, की मग उघडणी. चोरटा आकडा वजा करायचा आणि जे येईल ते मुकाट स्वीकारायचं.

"एवढे नखरे कशाला?" आईने विचारलं होतं.

"उत्तर आधी दिसलं ना, आणि आवडलं, की माणूस चुका शोधायचा थांबतो. नाही आवडलं, तर आवडेपर्यंत शोधत बसतो. दोन्हीकडून वाट लागते."

आणि नियम कडक होता. उघडणीआधी ज्याच्या कानावर आकडा पडेल, त्याचं नाव त्या कामातून जाईल. श्रुतिकाची पीएचडी म्हणजे तेच काम होतं.

तो आकडा सांभाळायला माणूस हवा होता. संस्थेतल्या प्रत्येकाचा त्यात काही ना काही हात होता. श्रुतिकाचे मार्गदर्शक रुडॉल्फ सर कांजूर गावठाणातले, जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातले. ते एकदा घाडींकडे जेवायला आले होते, दीड तास बसले होते, आणि त्या दीड तासात गुणाजी फक्त "वाढ तेंका" एवढंच बोलले होते. सरांनी ते लक्षात ठेवलं होतं.

उघडणीला तीन आठवडे होते तेव्हा सर सकाळीच आले. हातात घडी घातलेला कागद आणि बायकोने, एडनाने, दिलेली बॉटल मसाल्याची बाटली. श्रुतिकाला त्यांनी खाली दूध आणायला पिटाळलं.

"गुणाजीभाऊ, हा कागद मशीनने छापलाय. मी बघितलेला नाही. मशीनमधून पुसून टाकलाय. तीन अंक आहेत, पुढे अधिक नाहीतर उणे. तुम्ही वाचा, पाठ करा, मग लिफाफ्यात घाला. कागद हरवला तर माणूस पाहिजे, माणूस हरवला तर कागद."

आणि सर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं, ते वाचू लागले. गुणाजींनी चष्मा पुसला, कागद उघडला, ओठ न हलवता वाचला, मिटला, लिफाफ्यात घातला, डकवला. लिफाफा कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत.

"झालं?" सरांनी भिंतीला विचारलं.

"झाला."

"मला सांगू नका."

गुणाजींनी मान हलवली. सरांना ती दिसली नाही, पण भरवसा बसला. जगात आता एकच माणूस होता ज्याला तो आकडा ठाऊक होता आणि तो भटवाडीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून चहा पीत होता.

सरांची चूक एवढीच, की त्यांनी गुणाजींना माणसांमध्येच पाहिलं होतं.

पुढच्या गुरुवारी सोसायटीत नवा पाण्याचा पंप बसला. जुन्याने चार महिने सातव्या मजल्याला रडवलं होतं, त्यामुळे पूजा जोरात होती. श्रुतिका संस्थेत गेली होती. पंपाला हार, फुलं, हळद, समोर नारळ घेऊन घाडीकाका, मागे सगळी सोसायटी. सेक्रेटरी राजेश सगळ्यांत पुढे. राजेश विमा कंपनीत होता आणि सोसायटीत नोटिसा लावणं हा त्याचा श्वास होता. "जिन्यात चपला काढू नयेत." "काढल्यास जोडीने काढाव्यात." असल्या.

"अहो, पंपाचं झालं की श्रुतिकाचं पण घाला ना," सुलक्षणानेच मागून सांगितलं. आईचं काळीज. तिला तरी काय कल्पना!

"बाऽऽ देवा म्हाराजा!" गुणाजींचा दुसरा गळा उघडला. "आज ह्या लेकरांनी नवो पंप हाडलो हा. सातव्या माळ्यार पाणी चढांदे!"

"होऽय म्हाराजा!" सातवा मजला जरा जास्तच ओरडला.

"आणि माझ्या चेडवान तीन वर्सां आभाळातल्यो वाड्यो मोजल्यो हत. जा दिसणा नाय, तेचा माप काढल्यान हा. तेच्या मापात एक आकडो लपवन ठेवलेलो आसा. तो वेळ येयसर कोणाक कळाक नको…"

इथे गुणाजी थांबले. "होय म्हाराजा" म्हणायला सगळ्यांनी श्वास घेतला होता, तो छातीत अडकला.

"कुठला आकडा, काका?" राजेश हळूच म्हणाला. "देवाला सांगायला नको? अर्धं गाऱ्हाणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, तुम्हीच म्हणता."

"हो ना," चंपाकाकू म्हणाल्या. त्यांची कुजबूज पंपाच्या टाकीत घुमली. "देवाने राखायचं तरी काय मग? हवा?"

गुणाजींनी डोळे उघडले नाहीत. नारळ हवेत तसाच राहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला, तो नाकावरून ओघळला. गाऱ्हाणं घालू लागल्या दिवसापासून त्या माणसाने देवाशी काही झाकलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

"अधिक," ते म्हणाले. "दोन. सात. चार. तो राखून ठेव रे म्हाराजा!"

"होऽय म्हाराजा!" सोसायटीने दणकून म्हटलं. नारळ फुटला. पाणी पंपावर उडालं. आणि मग एकदम शांतता झाली, कारण आपल्या तोंडात आता काय येऊन बसलंय, हे चाळीस माणसांना एकाच क्षणी कळलं होतं.

"आयला," राजेश म्हणाला.

पंपाच्या खोलीतच तातडीची सभा झाली. सुलक्षणा मटकन पायरीवर बसली होती. "आता माझ्या पोरीच्या कानावर गेलं तर तिची तीन वर्षं पाण्यात. कोणी बोलायचं नाही. शपथ घ्या." सगळ्यांनी ओल्या पंपावर हात ठेवून शपथ घेतली. गुणाजी त्याआधीच जिना चढून वर गेले होते.

त्या दिवसापासून सातेरीकृपातून तीन अंक गेले.

पहिल्यांदा श्रुतिकाला कळलं ते दुधावरून. दूधवाला रोज खालून "घाडी, दोन पिशव्याऽऽ" ओरडायचा. शुक्रवारी ओरडला, "घाडी, एक पिशवी! आणि अजून एक!"

शनिवारी तिने चंपाकाकूंना विचारलं, "ती नवी भाडेकरू, रेवती, कुठल्या मजल्यावर राहायला आली?"

"पहिल्याच्या वर," काकू म्हणाल्या, "पण तिसऱ्याच्या खाली."

"म्हणजे दुसऱ्या?"

"ते तू म्हणालीस, मी नाही हां," असं म्हणून काकूंनी दोन्ही हात वर केले आणि घरात पळाल्या.

आई कुकरच्या शिट्ट्या मोजताना "एक, एवढीच, तीन, पुरे" असं म्हणू लागली. राजेशला वेळ विचारली तर तो "सहा वाजून गेले, पण आठ नाही वाजले" असं सांगायचा. रविवारी खालच्या हॉलमध्ये हाऊजी होती. राजेश आकडे पुकारत होता आणि हातात आलेली प्रत्येक तिसरी सोंगटी बघून, घाबरून, खिशात टाकत होता. खेळ संपेना. त्याचा खिसा फुगत चालला. शेवटी चंपाकाकू वैतागून उठल्या, "अरे, माझ्या पहिल्या ओळीत नेमके तेच तिघं आहेत रे! मी काय मरेपर्यंत बसू?" आणि मग श्रुतिकाकडे पाहून त्यांनी तिकीट तोंडात घातलं. खरंच घातलं. चावलं.

श्रुतिका तडक उठून घरी आली. जे दिसत नाही ते, दिसणाऱ्या गोष्टी कुठे बाजूला सरकतात त्यावरून मोजायचं, हे तर तिचं शिक्षण होतं. आणि आता अख्खी सोसायटी तिच्यासमोर कसल्यातरी भोवती वळसा घालून चालत होती. आणखी दोन दिवस नुसतं लक्ष दिलं असतं तर तिने कागदावर मांडून काढलं असतं. म्हणून तिने लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं. कानात कापूस घातला. जिन्यात कोणी दिसलं की मोठ्याने भजन म्हणायची. हिशोबाच्या पोरीला भक्तीचं वेड लागलं, असं सातव्या मजल्यावर ठरलं.

"आई, काय चाललंय ते मला माहीत आहे असं मला वाटतंय," ती म्हणाली. "पण सांगू नकोस. बाबांनाही सांग, सांगू नका."

"तुझे बाबा?" सुलक्षणा म्हणाली. "ते तर आता पंख्याचंही सांगत नाहीत."

खरंच, गुणाजींचं काहीतरी बिनसलं होतं. गुरुवारपासून त्यांनी मासे सोडले होते. एडनाच्या बॉटल मसाल्यातला बांगडा समोर ठेवला तर ताट सरकवलं. सुरमईला पाठ केली. सोमवारी तिसऱ्या मजल्यावर मोरी मासा शिजला आणि त्याचा वास घरभर फिरला, तर गुणाजी उठून गॅलरीत गेले. देवगडाकडचा माणूस मुगाची आमटी जेवतोय हे पाहून सुलक्षणाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, साखर तपासली, छातीचा आलेख काढला. सगळं ठीक. "काही मनात आहे का, काका?" डॉक्टरांनी विचारलं. गुणाजींनी छताकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. छतावर काही नव्हतं.

देव्हाऱ्यासमोर ते उभे राहत तेही आता पाठमोरे, दरवाजाकडे बघत. "आकडा फोडला म्हणून देवाची लाज वाटते त्यांना," सुलक्षणा चंपाकाकूंना म्हणाली. "आणि पोरीची."

असे दहा दिवस निघाले. उघडणीला चार दिवस राहिले. आणि रविवारी दुपारी साडेतीनला श्रुतिकाच्या खोलीतली वीज गेली.

शेवटची तपासणी चालू होती. संगणक, पंखा, शेजारी आईची इस्त्री, सगळं एकदम चालू होतं आणि घरातला स्विच पडला. वर लावला, परत पडला. म्हणजे खाली मीटरच्या खोलीतला. एरवी हे काम राजेशचं, पण राजेश झोपला होता. श्रुतिका कानातला कापूस नीट करून खाली गेली, खोलीचं दार ढकललं, मोबाइलचा उजेड टाकला.

मीटरच्या बरोबर वर, नव्या कोऱ्या कागदावर, नोटीस होती.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की कु. श्रुतिका गुणाजी घाडी (तिसरा मजला) यांच्यासमोर 'अधिक २७४' हा आकडा, सुटा किंवा एकत्र, बोलून, लिहून किंवा बोटांनी, कोणत्याही स्वरूपात व्यक्त करू नये. आदेशावरून, सचिव."

कान झाकता येतात. अक्षरं दिसल्यावर वाचू नका असं डोळ्यांना सांगता येत नाही. आणि श्रुतिकाच्या डोक्याला तर वजाबाकी करू नको असंही सांगता आलं नाही. शेवटच्या अंकाआधी टिंब. ९६.१ वजा २७.४.

अडुसष्ट पूर्णांक सात.

मीटरच्या खोलीत धूळ, वायरी, उंदराच्या लेंड्या, आणि मध्ये ती उभी. अडुसष्ट पूर्णांक सात! बाकी साऱ्या जगाने ताऱ्यांच्या स्फोटांतून, आदिम उजेडातून काढलं होतं, त्याच्या अगदी शेजारी. आणि तिने दिवे मोजून, वाड्या मोजून, घाटकोपरच्या इस्त्रीच्या शेजारी बसून तेच काढलं होतं. ती हसली. मोठ्याने हसली. मीटरवर टाळी मारली आणि हाताला झिणझिण्या आल्या तरी हसत राहिली. मग थांबली.

कारण तिला जाणवलं, की वर जाऊन ती तपासणी पुरी करावी असं तिला आता वाटतच नव्हतं. कशाला? बरोबर तर आलंय.

वर आली तेव्हा गुणाजी खिडकीशी वाल सोलत बसले होते. तिने आईला सांगितलं. आधी आकडा, मग नोटीस. सुलक्षणा आधी हसली, मग रडली, मग दार उघडून जिन्यात ओरडली, "राऽऽजेश!"

राजेश लुंगीवर धावत आला. मागे चंपाकाकू.

"मीटरच्या खोलीत लावलीस नोटीस?"

"काकी, तिथे फक्त मी आणि उंदीर जातो! बोर्डावर लावली असती तर हिने वाचली असती ना!"

"अरे शहाण्या, लावलीच कशाला? सगळ्यांना माहीत होतं!"

"लेखी नव्हतं," राजेश खाली मान घालून म्हणाला.

श्रुतिका पलंगावर बसली होती. "जाऊ दे आई. त्याची चूक नाही. मी सरांना फोन करते."

"काय सांगणार?"

"हेच, की मला कळलं. नाव काढा म्हणून."

"वेडी आहेस का?" चंपाकाकू म्हणाल्या. "चार दिवसच राहिलेत. आम्ही नाही बोलणार. राजेश तर आता जन्मात नाही बोलणार. कोणाला कळणारे, यार?"

"आणि उत्तर बरोबर आलंय ना?" सुलक्षणाचा आवाज विनवणीचा झाला. "सगळ्या जगासारखंच आलंय म्हणालीस. मग कोणाचं काय बिघडलं? तीन वर्षं, बाय. डोळ्यांखाली बघ तुझ्या."

श्रुतिकालाही तेच वाटत होतं, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

"आई, मघाशी खाली मला वाटलं, आता तपासायला नको. उरलेल्या चार दिवसांत एखादी चूक समोर आली, तर मी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. बघू शकणारच नाही. अडुसष्ट पूर्णांक सात किती गोड आहे तुला माहीत नाही." तिने नाक पुसलं. "आता मी मोजणारी राहिले नाही. आता मी बाजू घेणारी झाले."

तिने फोन उचलला. सरांचं नाव काढलं. अंगठा त्यावर ठेवला. वाजायला लागलं.

"फोन ठेव," गुणाजी म्हणाले.

सगळे वळले. गुणाजी उभे राहिले होते. मांडीवरचे वाल जमिनीवर पसरले, त्यांनी पाहिलं नाही. आणि त्यांचा आवाज घरातला नव्हता. तो दुसरा होता.

"बाबा, नाही. लपवून चालत नाही यात."

"लपवलंय मी. ठेव आधी."

श्रुतिकाने फोन कापला.

"ता खोटा," गुणाजी म्हणाले.

"काय खोटं, काका?" राजेशने विचारलं.

गुणाजींनी बोट त्याच्याकडे केलं आणि राजेश एक पाऊल मागे गेला. "खोटा म्हणान आधी सांगलंय असतंय, तर तुम्ही सगळे खऱ्याच्या पाठी लागला असतास. हो पहिलो. म्हणान गप ऱ्हवलंय. मासळी सोडलंय, देवाकडे पाठ केलंय, पण गप ऱ्हवलंय." मग ते मुलीकडे वळले. इतकं सलग ते माणसांशी कधी बोलले नव्हते आणि मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. "कागदार काय होता ता माझ्या डोक्यात आसा, आणि थंयच आसा. पंपाकडे तोंडात इल्लो तो दोन-सात-चार माझ्या गिरणीच्या बिल्ल्याचो नंबर. जन्मात पयल्यांदा मी म्हाराजाक खोटा सांगलंय, चेडवा. तुका खरा कळाक नको म्हणान."